दोन हातांची बाही

माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिलं काम काय केलं असेल, तर मी विणलेला स्वेटर उसवला. त्यांच्या मुलासाठी मी तो बोटं दुखवून घेऊन विणला होता. त्यांनी तो उलटा करून खिडकीपाशी नेला, बाहीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "कोपराच्या वर एक टाका सुटलाय." मी म्हटलं, आतल्या बाजूने गाठ मारून टाकते, दिसणार नाही. "दिसणार नाही, पण सुटत राहील," असं म्हणून त्यांनी बाही ओळीओळीने मागे नेली. शेवटी तो सुटलेला टाका सापडला. तिथे सुई घालून त्यांनी सगळं माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाल्या, "हं, आता पुढे विण." नव्या सुनेशी कोणी असं वागतं का? मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. तो स्वेटर मात्र माझा नवरा अजून वापरतो आणि त्याच्या कोपराला काहीही झालेलं नाही.

त्यांची अख्खी नोकरी स्वेटरच्या कारखान्यात झाली. आधी मशीनवर आणि मग तपासणीच्या खोलीत. तपासणीत एकच नियम होता, तो त्या आम्हाला जेवतानाही सांगतात: एका वेळी एकच टाका. काही बिघडलं तर दहा ठिकाणी हात घालायचा नाही. एक गोष्ट बदलायची आणि बघायचं. नाही जमलं तर ती होती तशी करायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. शिवाय त्यांची एक खासियत होती. एखादी बाही अर्धी एका मुलीने आणि अर्धी दुसरीने विणली असेल तर त्यांच्या अंगठ्याला ते कळायचं. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. "ही दोन हातांची बाही," म्हणून त्या ती बाजूला टाकायच्या, आणि मुकादम कितीही नाही म्हणाला तरी शेवटी तसंच निघायचं.

माझे सासरे याच्या अगदी उलट. त्यांना दहा ठिकाणी हात घालायचा असतो, पण कोणाला दिसू न देता. या हाताचं त्या हाताला कळू नये, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व. मूळ म्हण दानधर्माबद्दल आहे, पण त्यांनी ती नळाच्या वायसरपासून सगळ्याला लावली. त्यांच्यामुळे या घराला वळणच तसं पडलं. कोणी काही केलं की सांगायचं नाही, सांगितलं तर मिरवल्यासारखं होतं. म्हणून आमच्याकडे भाजीत मीठ दोनदा पडतं. गच्चीवरच्या कुंड्यांना सकाळी सासरे गुपचूप पाणी घालतात, दुपारी नवरा गुपचूप घालतो, आणि झाडं कुजली की दोघंही मातीला नावं ठेवतात. मी दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटच्या वेळा लावायचं काम करते. एका खुर्चीवर दोन माणसं बसवली तर काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. पण घरात माझं ऐकतो कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

तर आता मावशी. ही सासूबाईंची धाकटी बहीण. दोघी एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर होत्या. तिथे आवाज एवढा, की ओरडलेलंही ऐकू येत नसे, म्हणून तिथल्या मुलींनी हातांची एक भाषा केली होती. दोन मुठी एकमेकींभोवती फिरवल्या की मशीन चालू. एका मुठीवर दुसरा पंजा झाकला की मशीन बंद. लोकर संपली, मुकादम आला, डोकं दुखतंय, संध्याकाळी येतेस का, सगळं हातांनी. पुढे मावशी लग्न होऊन फार लांब गेली. नवरा वारल्यावर ती एकटीच होती. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून ती तिकडच्या एका शुश्रूषागृहात असते. तिला ऐकू येतं, कळतं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नाही.

उरला डावा हात. आणि ती कारखान्याची भाषा तर दोन हातांची. मावशी डाव्या हाताने अर्धा शब्द करते आणि बाकीचा अर्धा सासूबाई इकडे स्वतःच्या उजव्या हाताने पुरा करून बघतात, म्हणजे शब्द कळतो. रोज संध्याकाळी संगणकासमोर दोघींचं हे असं चालायचं. सासूबाई खळखळून हसायच्या, आणि आम्हाला कळायचंच नाही की दोघी कोणाची टिंगल करतायत. बहुधा माझीच.

मग इंटरनेटच्या कंपनीने आमच्या गल्लीतली जुनी तार काढून नवी काचेची तार, म्हणजे फायबर, आणायचं ठरवलं. जुनी तार सगळ्यांची एकदम कापली, नवी पहिल्यांदा आमच्याकडे आणली, आणि पुढचं काम रखडलं. आलेल्या माणसाने बाहेरच्या खोलीत कपाटावर एक पांढरा डबा ठोकला, "तुमचाच राउटर याला जोडा, चालेल," असं म्हणाला आणि गेला. राउटर लावला, पण दिवा लालच. आमचं घर टेकडीखाली खोलगट जागेत आहे. मोबाइलवर बोलायचं तर गच्चीत जावं लागतं, आणि तिथेही नुसता आवाज येतो, तोही तुटक. वरच्या रस्त्यावर जाऊन नवऱ्याने एकदा व्हिडिओ लावून पाहिला. मावशीचा हात हलला की पडद्यावर नुसता राखाडी डाग दिसायचा. शेजाऱ्यांकडे जावं, तर त्यांची तार अजून यायची होती आणि तेच आमच्याकडे चौकशीला येत होते.

सासूबाई आठवडाभर गच्चीतून शुश्रूषागृहात फोन करत होत्या. मावशीच्या कानाला फोन लावला की त्या बोलायच्या, पण उत्तर बघायचं कसं? आणि अशातच मावशी पलंगावरून उतरताना पडली. खुब्याचं हाड मोडलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथल्या नर्सबाईंचा फोन आला. मी गच्चीत सासूबाईंच्या शेजारीच होते. "ऑपरेशन उद्या करायचं म्हणतात. पण त्या तयार नाहीत. कोणी ट्रे घेऊन जवळ गेलं की डाव्या हाताची मूठ उगारतात, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. डॉक्टर म्हणतात, शुद्धीतलं माणूस नको म्हणत असेल तर मी जबरदस्ती करणार नाही. आज चारच्या फेरीला ते शेवटचं विचारतील. नंतर सर्जन बाहेरगावी जाणार आहेत."

"ऑपरेशन नाही झालं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर मग कायम पडूनच."

सासूबाईंनी फोन ठेवला. "ती उगाच नको म्हणणारी नाही," त्या म्हणाल्या. "तिला काहीतरी सांगायचंय. मला तिचा हात दिसला पाहिजे."

मी म्हटलं, आमच्या दवाखान्यात लाइन चांगली आहे, पण किल्ली डॉक्टरांकडे आणि डॉक्टर गावाला. नवरा डेपोत ड्युटीवर. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "आपल्या घरात तार आलीय ना?" आलीय, म्हटलं. "मग इथूनच बोलायचं."

त्यांनी आधी मदतकेंद्राला फोन लावला. मदतकेंद्र म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं. पलीकडच्या मुलाने पहिला प्रश्न केला, "मॅडम, घरात कोणी पुरुष माणूस आहे का?"

"आहेत," सासूबाई म्हणाल्या. "पण ते झाडांना पाणी घालतायत. तुम्ही मलाच सांगा."

त्याने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण मला ते कळायला अर्धा दिवस लागला. या नव्या तारेतून टीव्ही, फोन आणि इंटरनेट असं सगळं एकत्र येतं. कोणतं कशाचं हे ओळखू यावं म्हणून प्रत्येकाला एकेक नंबर असतो. आपल्या घरातून निघालेल्या माहितीच्या पाकिटावर इंटरनेटचा नंबर नसेल, तर कंपनीच्या दारातून उत्तरच येत नाही. नंबर चिकटवायचं काम राउटरने करायचं, आणि त्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये एक आभासी पोर्ट तयार करायचा. पोर्ट म्हणजे तार खुपसायचं भोक. आभासी म्हणजे ते भोक राउटरवर कुठेही नसतं. खऱ्या भोकावर ते फक्त मनाने बसवायचं, त्याला तो नंबर द्यायचा आणि लॉगिन त्यातून करायचं.

सासूबाईंनी नंबर तळहातावर लिहून घेतला. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला सासरे झारी घेऊन ऐकत होते. "नसलेल्या भोकात तार घालायची?" ते म्हणाले. "अगं, तो मुलगा तुझी चेष्टा करतोय."

"तुम्ही पाणी घाला," सासूबाई म्हणाल्या.

संगणक जिन्याखाली आहे आणि राउटर बाहेरच्या खोलीत, पांढऱ्या डब्याशेजारी. एकाला दुसरं दिसत नाही. म्हणून माझी नेमणूक राउटरसमोर झाली. त्या आतून बटण दाबणार, मी बाहेरून दिव्याचा रंग सांगणार. घरातल्या शिकलेल्या सुनेला एवढंच काम. राउटर नवा सेट झाला की मिनिटभर चाचपडतो आणि मग दिवा ठरतो, म्हणून प्रत्येक वेळी तेवढं थांबायचं.

त्यांनी आभासी पोर्ट केला. "काय दिसतंय?"

"लाल."

"ठीक." आतून कागद फडफडल्याचा आवाज आला. राउटरबरोबर आलेली पुस्तिका त्या चष्मा नाकाच्या टोकावर आणून वाचत होत्या. मला राहवेना. मी म्हटलं, आई, सगळं बंद करून चालू करू या का? "ते तू आठवडाभर केलंस," आतून उत्तर आलं. खरं होतं, त्यामुळे मी पुन्हा दिव्याकडे बघू लागले.

थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या. चेहऱ्यावर तपासणीच्या खोलीतला भाव होता. "पोर्ट केला, नंबर दिला, पण लॉगिन अजून जुन्या, खऱ्या पोर्टवरच बसलंय. नवीन दार केलं आणि माणूस जुन्याच दारात उभा." त्या हसल्यासुद्धा. मलाही वाटलं, सापडलं. त्या आत गेल्या आणि लॉगिन त्यांनी आभासी पोर्टवर नेलं.

"लाल," मी म्हटलं.

"नक्की?"

"आई, लाल आणि हिरवा मला कळतो."

मी जिन्याखाली डोकावले तर त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसल्या होत्या. मावशी आजारी पडली तेव्हाही त्या अशाच बसल्या होत्या. मला एकदम भरून आलं, आणि मला भरून आलं की राग येतो. मी म्हटलं, "सोडा ना आई. आपण नर्सबाईंना सांगू, मूठ कशी करते ते नीट सांगा म्हणून. निदान अंदाज तरी—"

"अंदाजाने तिचा पाय कापायला देऊ?" त्या म्हणाल्या. "अंदाज नको. मागे जाऊ."

मागे म्हणजे त्यांचं ते एक ओळ उसवणं. लॉगिन पुन्हा खऱ्या पोर्टवर. लाल. नंबर तपासला, तळहाताशी ताडून पाहिला. बरोबर. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड पुन्हा लिहिला. लाल. पुन्हा आभासी पोर्टवर. लाल. प्रत्येक वेळी एकच गोष्ट, प्रत्येक वेळी होतं तसं परत ठेवून. शेजारच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, "आली का लाइन?" मी म्हटलं, लाइन आलीय, जीव जायचा बाकी आहे. जेवायची वेळ उलटून गेली. मी ताट करून जिन्याखाली नेऊन ठेवलं. ते झाकलेलंच राहिलं.

दुपार कलली तशी सासूबाईंनी लॉगिन पुन्हा एकदा खऱ्या पोर्टवर आणलं आणि म्हणाल्या, "आता अगदी पहिल्यापासून सुरू करते. तू तिथून हलू नकोस." मी हलले नाही. हात दुखेपर्यंत कपाटाला धरून त्या दिव्याकडे बघत राहिले. आणि बघता बघता तो हिरवा झाला.

"हिरवा!" मी ओरडलेच. त्याच क्षणी आतून बटणाचा आवाज आला. मी बघतेय तोवर दिवा विझला, चाचपडला आणि पुन्हा लाल झाला.

सासूबाई धावत बाहेर आल्या. "कुठे हिरवा?"

"आत्ता होता. तुम्ही बटण दाबायच्या आधी."

"मी दाबलं ते लॉगिन आभासी पोर्टवर नेलं. त्याआधी मी काहीच केलं नव्हतं. नुसती बसले होते."

"पण मी डोळ्यांनी पाहिला, आई."

मला वाटलं, म्हणतील तुला भास झाला. पण त्यांनी कपाटावर हात टेकला आणि अंगठा कडेवरून सावकाश पुढेमागे फिरवू लागल्या, बाही तपासताना फिरवायच्या तसा. "मी हात लावला नाही तेव्हा चालू झालं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मी बरोबर केलं तेव्हा बंद पडलं. म्हणजे पलीकडूनही कोणीतरी विणतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही बाही दोन हातांची आहे."

आम्ही दोघी गच्चीत गेलो. कुंड्यांमधून पाणी वाहून जिन्यापर्यंत आलं होतं. सासरे कठड्याशी आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि फोनवर दबक्या आवाजात सांगत होते, "पुन्हा लाल दिसतोय हो. काढा तो डब्यातला नंबर. नाही, नाही, मगाशी लावा म्हणालो होतो, आता काढा."

सासूबाईंनी झारी उचलून बाजूला ठेवली. सासऱ्यांनी वळून पाहिलं.

सगळं बाहेर आलं ते असं. सकाळी सासूबाई खाली गेल्यावर सासऱ्यांनी त्याच मदतकेंद्राला फोन केला होता. त्यांना तिथे दुसराच मुलगा भेटला. तो म्हणाला, राउटरच्या भानगडीत पडूच नका. नंबर चिकटवायचं काम तुमचा पांढरा डबाच करील, मी इथून लावून देतो. सासऱ्यांना आनंद झाला. बायकोला नसलेल्या भोकांच्या नादी लागायला नको, आणि कोणी केलं ते कळायलाही नको. डब्याने नंबर लावला, आणि नेमकं तेव्हाच सासूबाईंना स्वतःची चूक सापडून त्यांनीही राउटरमधून नंबर लावला. पाकिटावर एक नंबर आणि त्यावर आणखी एक. कंपनीच्या दाराने वरचा नंबर काढून पाहिलं तर आत पुन्हा नंबर, म्हणून ते टाकून दिलं. सासरे पाय न वाजवता खाली येऊन माझ्या पाठीमागून डोकावून गेले, दिवा लाल बघितला आणि वर येऊन नंबर काढायला लावला. तोवर सासूबाई एक ओळ मागे गेलेल्या. मग दोन्हीकडे नंबर नाही. असा दिवसभर दोघांचा पाठशिवणीचा खेळ चालला होता. दोघंही बरोबर, आणि दोघं मिळून चूक. एकट्या सासूबाईंना सोडलं असतं तर सकाळीच झालं असतं. एकट्या सासऱ्यांना सोडलं असतं तरीही झालं असतं, हे मला कबूल करावं लागतं.

"मला वाटलं, तुला मदत होईल," सासरे म्हणाले. त्यांच्या हातातल्या फोनमधून तो मुलगा हॅलो हॅलो करत होता.

माझ्या जिभेवर भीक नको पण कुत्रं आवर अशी सगळी वाक्यं आली होती. सासूबाईंनी मला नजरेनेच गप्प केलं. "त्याला विचारा, आत्ता डब्यात नंबर आहे की नाही," त्या म्हणाल्या. "आणि मला ऐकू येईल असं मोठ्याने विचारा."

सासऱ्यांनी विचारलं. "आहे म्हणतो. काढू का म्हणतो."

"काढायला सांगा. आणि काढला की तसं मला सांगा. मग तुम्ही त्या फोनला आणि मी त्या राउटरला, कोणी हात लावायचा नाही."

"काढला," सासरे म्हणाले. त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच केलेलं काम उघडपणे सांगितलं असावं, कारण सांगताना ते लाजले.

आम्ही खाली आलो. लॉगिन आधीच आभासी पोर्टवर होतं. सासूबाई संगणकासमोर बसल्या, मी दिव्यासमोर, आणि सासरे मधल्या दारात दोन्ही हात पाठीशी बांधून. दिवा चाचपडला. मग तो हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. मी सांगायच्या आधी सासऱ्यांनीच सांगितलं, "हिरवा."

सासूबाईंनी लगेच व्हिडिओ लावला आणि पडद्यावर नर्सबाई दिसल्या. "फेरी सुरू झालीय, शेजारच्याच खोलीत आहेत," असं म्हणून त्यांनी फोन मावशीच्या पलंगाकडे वळवला. मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"बघ इकडे," सासूबाई म्हणाल्या.

मावशीने मान वळवली. पडद्यावर बहिणीचा चेहरा बघितला आणि डावा हात असा काही फिरवला, की भाषा न येताही मला कळलं, आठवडाभर कुठे उलथली होतीस. सासूबाईंनी मुठीवर पंजा झाकला. मशीन बंद होतं. मावशीने डोळे पुसले.

डॉक्टर आले. त्यांनी सगळं नीट समजावलं, हाड कुठे मोडलंय, ऑपरेशन कसं करणार, न केल्यास काय. मग म्हणाले, "तुमची तयारी आहे का?" त्यांच्यामागून कोणीतरी ट्रे घेऊन पुढे आलं आणि मावशीने डावी मूठ वर केली. उगारलेली मूठ. नर्सबाई म्हणाल्या, "बघा, हे असं. रागावतात."

सासूबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. त्यांनी स्वतःची डावी मूठ तशीच वर केली. मग तिच्याभोवती उजवा हात नेऊन पाहिला. आधी मुठीवर ठेवला. मावशीने मान हलवली, नाही. मुठीखाली धरला. नाही. मग त्यांनी उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट गच्च आवळलं.

मावशीची मान जोरजोरात हलली. हो, हो.

सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "ती ऑपरेशनला नको म्हणत नाहीये. हात बांधू नका म्हणतेय. तुम्ही सलाइन लावता ना, डाव्या हाताला? सुई लावून पट्टीवर बांधून टाकता?"

"उजवा अधू आहे, म्हणून डाव्यालाच लावतो आम्ही," नर्सबाई म्हणाल्या. "पडल्यावर दोन दिवस बांधून ठेवला होता."

"ते दोन दिवस ती मुकी झाली होती," सासूबाई म्हणाल्या. "तिच्याकडे बोलायला तेवढा एकच हात आहे."

डॉक्टरांनी ट्रेवाल्याला मागे जायची खूण केली आणि ते मावशीच्या डोळ्यांसमोर येतील असे वाकले. "सुई मानेजवळ लावता येते," ते म्हणाले. "हात मोकळा ठेवू. ऑपरेशनच्या वेळी तुम्ही झोपलेल्या असाल. जाग्या व्हाल तेव्हा हात मोकळाच असेल. चालेल?"

मावशीने मूठ उघडली. तिने केलेला शब्द एकाच हाताचा होता, आणि तो खोलीतल्या सगळ्यांना कळला. सासूबाईंनी तरीही तो मोठ्याने सांगितला. "हो म्हणते."

मी मागे वळून पाहिलं तर सासरे जिन्याच्या पायरीवर बसून तोंडावरून हात फिरवत होते. झाकलेलं ताट त्यांच्या शेजारीच होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी हे गरम करून आणतो." मग स्वयंपाकघरातून मोठ्याने ओरडले, "गरम करतोय. मीठ घालत नाहीये." तेव्हापासून त्यांनी जे सांगत सुटायला सुरुवात केली आहे, ते आता थांबता थांबत नाही. नळ बंद केला, दूध तापवलं, कुंड्यांना पाणी घातलं, सगळं सगळ्यांना ओरडून. एखाद्या माणसाला सुधारून आपण काय मिळवलं, असा प्रश्न मला रोज पडतो. कुंड्यांमधली झाडं मात्र धरली आहेत.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. संध्याकाळी आम्ही तिघं आणि नवरा असे चौघं संगणकासमोर दाटीवाटीने बसलो. मावशीचे डोळे अर्धवट मिटलेले होते. मानेजवळ पट्टी होती आणि डाव्या मनगटावर नर्सबाईंनी ठळक अक्षरांत लिहिलेला एक चिकटपट्टीचा तुकडा होता: या हाताला सुई नको.

सासूबाईंनी हाक मारली. बराच वेळ काही झालं नाही. मग पांघरुणावरचा तो हात हलला. त्याची मूठ झाली आणि ती हवेत एकटीच हळूहळू गोल फिरायला लागली. सासूबाईंनी आपली उजवी मूठ पडद्याला टेकेल इतकी जवळ नेली आणि तिच्याभोवती फिरवली.

"मशीन चालू," त्या आम्हाला म्हणाल्या.